फुकट काढलेल्या फोटोचे पैसे

जानेवारी १८८२. ऑस्कर वाइल्डला अमेरिकेत उतरून आठवडाही झाला नव्हता, तोच त्याची स्वारी न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमधल्या नेपोलियन सारोनीच्या स्टुडिओत दाखल झाली. स्टुडिओ कसला, जुना बाजारच तो! छताला टांगलेली पेंढा भरलेली सुसर, इजिप्तची ममी, चिलखतं, गालिचे, मूर्ती. सारोनी स्वतः बुटका आणि हाडाचा नाटक्या. वाइल्डच्या अंगात मखमली जाकीट, गुडघ्यापर्यंतची विजार, पायांत रेशमी मोजे आणि सोबत फर लावलेला लांब कोट. त्या बैठकीत वीसहून अधिक फोटो निघाले. आज वाइल्ड म्हटल्यावर डोळ्यांपुढे जो चेहरा येतो, तो बहुधा याच बैठकीतला असतो. या कामाचे वाइल्डला पैसे मिळाले नाहीत.

सारोनी कंजूष होता म्हणून नव्हे. नामवंत नटनट्यांना तो भरभक्कम रक्कम मोजत असे. सारा बर्नहार्टला त्याने दीड हजार डॉलर दिले आणि लिली लँग्ट्रीला पाच हजार, असं सांगतात. त्या काळी हे आकडे डोळे फिरवणारे होते. बदल्यात त्याला एकच गोष्ट हवी असे: त्या व्यक्तीचे फोटो विकण्याचा एकट्याचा हक्क. वाइल्डच्या बाबतीत मात्र त्याचा व्याख्यानदौरा आखणाऱ्या रिचर्ड डॉयली कार्टने हे मानधन सोडून दिलं. कार्ट मुरलेला नाट्यव्यावसायिक होता. त्याने रंगभूमीवर आणलेल्या ‘पेशन्स’ या संगीतिकेत वाइल्डसारख्या सौंदर्यवादी कवींची टर उडवलेली होती. अमेरिकन प्रेक्षकाला ती टर कळायची, तर असा कवी दिसतो कसा हे आधी दिसायला हवं. गावोगावच्या दुकानांच्या काचेत वाइल्डचा फोटो लागला की व्याख्यानाचंही तिकीट खपणार आणि नाटकाचंही, असा त्याचा हिशेब.

हिशेब चुकला नाही. काही महिन्यांचा ठरलेला दौरा लांबत लांबत जवळपास वर्षभर चालला आणि व्याख्यानं सुमारे १४० झाली. फुकटच्या फोटोंनी वाइल्डला पैसे मिळवून दिले ते असे, आडवाटेने.

सरळ वाटेचे पैसे दुसऱ्याच कुणाच्या खिशात गेले. बरो-जाइल्स नावाच्या शिळाछाप कंपनीने त्यातला अठरा क्रमांकाचा फोटो, म्हणजे एका हातावर डोकं टेकून, दुसऱ्या हातात पुस्तक घेऊन बसलेला वाइल्ड, न विचारता उचलला आणि एका मोठ्या दुकानाच्या जाहिरातीसाठी त्याच्या ८५ हजार प्रती छापल्या. सारोनी कोर्टात गेला. कंपनीचं म्हणणं असं, की फोटो म्हणजे यंत्राने टिपलेली नक्कल. तिला लेखक कुठला आणि कॉपीराइट कुठला? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मार्च १८८४ मध्ये न्यायालयाने सारोनीच्या बाजूने कौल दिला आणि त्याला मिळालेली ६१० डॉलरची भरपाई कायम राहिली. बैठक त्याने ठरवली, पोशाख आणि पडदे त्याने मांडले, उजेड-सावली त्याने साधली, चेहऱ्यावरचा भाव त्याने आणवला. म्हणून कर्ता तोच, असा निकालाचा आशय. गंमत म्हणजे सारोनीच्या स्टुडिओत प्रत्यक्ष कॅमेरा त्याचा सहायक चालवी. आणि तो पोशाख, ती ऐट, ते आळसावलेलं बसणं वाइल्डने स्वतः कित्येक वर्षं घोटून तयार केलेलं होतं. पण त्याचा निकालात हिशेबच धरलेला नाही. छायाचित्राच्या मालकीचा पाया घालणाऱ्या या खटल्यात ज्याचा चेहरा होता, तो पक्षकारही नव्हता.

चेहऱ्याचा बाजार सुरू होऊन तेव्हा वीस-पंचवीस वर्षं झाली होती. १८५४ मध्ये पॅरिसच्या आंद्रे दिस्देरीने एकाच काचेवर आठ छोटे फोटो घेण्याच्या पद्धतीचं पेटंट काढलं. भेटकार्डाच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले हे फोटो, म्हणजे ‘कार्त द व्हिझिट’, इतके स्वस्त पडत की १८६० नंतर त्यांचं वेडच लागलं. लोक घरच्यांच्या फोटोंशेजारी राण्या, सेनापती, नट्या, धर्मोपदेशक यांची विकत आणलेली कार्डं अल्बममध्ये खोचू लागले. फोटोग्राफर नामांकितांना मानाने बोलावत, फुकट फोटो काढत, डझनभर प्रती भेट देत आणि उरलेल्या हजारो प्रती विकत. बोलावणं आलेल्याला सन्मान वाटे. गल्ला स्टुडिओत जमे.

या बाजाराचं मर्म अचूक ओळखलं ते अशा एका बाईने, जिला लिहिता-वाचता येत नव्हतं. सोजर्नर ट्रूथ. न्यूयॉर्क राज्यात गुलाम म्हणून जन्मलेली, पुढे गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी गावोगाव बोलणारी. यादवी युद्धाच्या दिवसांत वय साठीच्या पुढे, तब्येत खालावलेली, मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या घराचा खर्च डोक्यावर. तिने आपले फोटो काढून घेतले. डोक्याला पांढरं फडकं, खांद्यावर शाल, हातात विणकाम, शेजारच्या मेजावर पुस्तक आणि फुलं. जिला अनेक वर्षं मालकाच्या मालमत्तेत मोजलं गेलं, ती या फोटोत घरंदाज बाईसारखी ताठ बसली आहे. ही कार्डं ती सभांच्या ठिकाणी विके, टपालानेही पाठवी. छोटी कार्डं डॉलरला तीन.

कार्डाच्या पुढच्या बाजूला तिने एक ओळ छापून घेतली होती. देह जगवण्यासाठी आपण आपली सावली विकतो, असा तिचा मथितार्थ. मागच्या बाजूचा मजकूर जास्त महत्त्वाचा आहे. तिथे १८६४ सालची, मिशिगनच्या न्यायालयीन कचेरीतली कॉपीराइटची नोंद छापलेली आहे, आणि नोंद फोटोग्राफरच्या नावाने नाही, तिच्या नावाने आहे. अमेरिकेच्या संसदेने कॉपीराइट कायद्यात फोटोंचा स्पष्ट समावेश केला तो मार्च १८६५ मध्ये. म्हणजे ही बाई कायद्याच्याही आधी पोहोचली होती. वाइल्डसारखा ऑक्सफर्डचा पदवीधर जे हातचं सोडून बसला, ते या निरक्षर बाईने अठरा वर्षं आधी पदरात पाडून घेतलं होतं. फोटोचा खर्च उचलायचा, प्रती आपल्या ताब्यात ठेवायच्या आणि नोंद आपल्या नावाने करायची, एवढाच तिचा व्यवहार.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. तिथे १८६२ च्या कायद्याने ठरवून टाकलं होतं, की ज्याने मोबदला देऊन फोटो काढून घेतला, हक्क त्याचा. १८८८ मध्ये रॉचेस्टर गावातल्या पोलार्ड नावाच्या बाईंना दिसलं, की त्यांनी पैसे देऊन काढलेला आपला फोटो फोटोग्राफरने नाताळचं शुभेच्छापत्र बनवून दुकानाच्या काचेत लावला आहे. न्यायमूर्ती नॉर्थ यांनी मनाई हुकूम दिला. गिऱ्हाइकाने पैसे मोजले ते स्वतःसाठी फोटो काढून घ्यायला. तो बाजारात मांडायचा नाही हे त्या सौद्यात गृहीतच आहे, असं त्यांनी म्हटलं. पण हा आधार पैसे मोजणाऱ्याचा. ज्या नटीला स्टुडिओने आपणहून बोलावलं, चहा पाजला आणि फुकट फोटो काढले, तिला त्याचा फायदा नव्हता.

अमेरिकेत १९०२ साली तर कोर्टाने हातच वर केले. अबिगेल रॉबर्सन ही न्यूयॉर्क राज्यातली तरुण मुलगी. तिने हौसेने काढलेला फोटो फ्रँकलिन मिल्स या पिठाच्या कंपनीच्या जाहिरातीत झळकला. २५ हजार प्रती दुकानांत, गोदामांत, अगदी दारूच्या गुत्त्यांतही लागल्या. मुलगी अंथरुणाला खिळली आणि तिच्या वतीने १५ हजार डॉलरचा दावा लावला गेला. राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तो फेटाळला. चित्रात बदनामीकारक काही नाही, उलट ते छान आहे. आणि आपला चेहरा दुसऱ्याने वापरू नये असा हक्क कायद्यात कुठे लिहिलेला नाही! लोक खवळले. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, विधिमंडळाने कायदा केला: जाहिरातीसाठी किंवा व्यापारासाठी कुणाचं नाव वा चित्र वापरायचं तर लेखी संमती हवी. आज प्रत्येक शूटनंतर मॉडेलपुढे जो ‘रिलीज’चा कागद सरकवला जातो, त्याचं मूळ पिठाच्या त्या जाहिरातीत आहे. निकाल देणारे मुख्य न्यायाधीश आल्टन पार्कर १९०४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते, तेव्हा फोटोग्राफर पाठ सोडत नाहीत म्हणून त्यांनी तक्रार केली. अबिगेलने त्यांना खुलं पत्र लिहून त्यांच्याच निकालाची आठवण करून दिली.

संमतीचा कागद आला, पैसे आले नाहीत. जाहिरातवाल्यांनी दुसरी तऱ्हा शोधली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जे. वॉल्टर थॉम्प्सन या एजन्सीने लक्स साबणासाठी हॉलिवूडच्या नट्यांची रांग लावली. त्यांना रोख रक्कम मिळत नसे. जाहिरातीत नटीच्या नव्या चित्रपटाचं नाव छापलं जाई. स्टुडिओ खूश, साबणवाले खूश, नटीला फुकटची प्रसिद्धी. याच लक्सच्या जाहिरातीत १९४१ साली पहिला भारतीय चेहरा झळकला तो लीला चिटणीसांचा. मराठी रंगभूमीवरून आलेल्या, पदवीधर असलेल्या, ‘कंगन’ आणि ‘बंधन’मुळे देशभर पोहोचलेल्या लीलाबाई या खेळीला चपखल बसत होत्या: सुशिक्षित घरातली बाई पडद्यावर दिसते, मग साबणाच्या कागदावर का नाही? त्याआधी मराठी मुलखाने बालगंधर्वांच्या बाबतीत हे पाहिलं होतंच. त्यांच्या स्त्रीवेशातल्या फोटोंवरून बायका साडी नेसायची, अंबाडा घालायची ढब उचलत आणि त्यांच्या नावावर नाना वस्तू बाजारात खपत. चेहरा एक आणि त्यावर जगणारे अनेक, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

दरम्यान न्यूयॉर्कमध्ये मॉडेलिंगचा धंदा उभा राहिला होता. १९२३ मध्ये जॉन रॉबर्ट पॉवर्स या बेकार नटाने ओळखीतल्या देखण्या मंडळींचे फोटो आणि मापं एका पुस्तिकेत छापून जाहिरातदारांना पाठवली आणि मॉडेल एजन्सी जन्माला आली. तेव्हापासून दोन प्रकारच्या शूटची वहिवाट पडली: पैशाचं आणि पुस्तिकेसाठीचं. दुसरं फुकट, किंवा उलट मॉडेलच्याच खिशातून. १९४५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ब्लू बुक एजन्सीत नाव घालणाऱ्या नॉर्मा जीनकडून शिकवणीचे १०० डॉलर तिच्या पुढच्या कमाईतून कापून घेण्यात आले.

हीच नॉर्मा जीन, म्हणजे मॅरिलिन मन्रो, २७ मे १९४९ रोजी टॉम केली या फोटोग्राफरपुढे लाल मखमलीवर विवस्त्र पहुडली. हातात काम नव्हतं, देणी थकली होती. मिळाले ५० डॉलर. रिलीजवर तिने सही केली ‘मोना मन्रो’ अशी, कुणाला कळू नये म्हणून. केलीने तो फोटो शिकागोच्या एका कॅलेंडर कंपनीला ५०० डॉलरना विकला आणि कॅलेंडरं लाखोंनी खपली. १९५२ मध्ये बिंग फुटलं. तिच्या चित्रपट स्टुडिओची पाचावर धारण बसली, पण तिने सरळ कबूल केलं, की पैशांची गरज होती. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. डिसेंबर १९५३ मध्ये ह्यू हेफनरने तोच फोटो ५०० डॉलरना घेऊन ‘प्लेबॉय’चा पहिला अंक काढला. पन्नास हजारांवर प्रती गेल्या आणि एक साम्राज्य उभं राहिलं. तिच्या पदरात त्या ५० डॉलरवर दमडी पडली नाही. सही केलेला कागद तिच्या बाजूने काहीच बोलत नव्हता.

नेमक्या त्याच साली न्यूयॉर्कच्या संघराज्य अपील न्यायालयात दोन च्युइंगगम कंपन्या बेसबॉलपटूंच्या चित्रांवरून भांडत होत्या. न्यायमूर्ती जेरोम फ्रँक यांनी सांगितलं, की आपल्या चेहऱ्याच्या प्रसिद्धीला किंमत असते आणि ती किंमत वसूल करण्याचा, तो हक्क विकण्याचा अधिकार त्या व्यक्तीला आहे. १९०३ च्या कायद्याने चेहरा वाचवला होता. इथून तो मालमत्ता ठरू लागला.

पण मालमत्तेचा कागद सांभाळावा लागतो. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या रसेल क्रिस्टॉफ या मॉडेलने १९८६ मध्ये नेस्लेच्या कॅनडातल्या कंपनीसाठी कॉफीच्या कपाकडे बघताना फोटो दिला. शूटचे २५० डॉलर मिळाले. फोटो लेबलवर वापरला तर दोन हजार वेगळे, असं करारात होतं. १९९७ पासून अमेरिकेतल्या नेस्लेच्या टेस्टर्स चॉइस कॉफीच्या बरण्यांवर त्याचा चेहरा आला, तो त्याला २००२ मध्ये दुकानातल्या फळीवर दिसला. तोवर तो बालवाडीत शिकवत होता. २००५ मध्ये ज्यूरीने १ कोटी ५० लाख डॉलरहून अधिक भरपाई दिली. वरच्या कोर्टाने ती रद्द केली आणि २००९ मध्ये कॅलिफोर्नियाचं सर्वोच्च न्यायालय मुदतीच्या मुद्द्यावर काथ्याकूट करत बसलं. पण ज्यूरीसमोर उभं राहायला बळ दिलं ते करारातल्या त्या एका कलमानेच.

फॅशनच्या जगात फुकट काम उलट मानाचं. समाजशास्त्रज्ञ आणि एके काळची मॉडेल अ‍ॅशली मिअर्सने ‘प्राइसिंग ब्यूटी’ या २०११ च्या पुस्तकात दाखवलं, की नावाजलेल्या मासिकांची शूट नगण्य पैशांत, कधी शून्यात होतात. मॉडेलला हवं असतं ते मासिकातलं छापील पान. ते पोर्टफोलिओत लागलं की कधीतरी अत्तराची मोहीम मिळेल, ही आशा. अत्तर मोजक्यांनाच लाभतं.

मुंबईत अंधेरीच्या ऑडिशनच्या रांगांत उभ्या असलेल्या मुलामुलींची भाषा आता ‘कोलॅब’ची आहे. फोटोग्राफर, मॉडेल, मेकअपवाली, स्टायलिस्ट, चौघंही बिनपैशाची. प्रत्येकाला फोटो मिळणार, इन्स्टाग्रामवर एकमेकांना टॅग करायचं. इथे ब्रिटिशांचा तो जुना नियम अजून जिवंत आहे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं, की मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो मोबदला देणारा, वेगळा करार नसेल तर. म्हणजे पोर्टफोलिओचे पैसे भरणाऱ्या मुलीची बाजू बळकट आणि फुकटात काढून घेणारीची लंगडी. मोबदला म्हणजे रोकडच असं नसल्यामुळे वादाला जागा राहते खरी, पण वाद घालायला वकील लागतो. दुसरा आधार १९९४ च्या राजगोपाल निकालाचा: संमतीशिवाय कुणाचं नाव वा चेहरा जाहिरातीसाठी वापरणं हा खासगीपणाचा भंग, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आहे. म्हणून कोलॅबच्या चार ओळी लिहून घेणारे शहाणे: फोटो कुठे वापरायचे, किती काळ, विकले तर हिस्सा किती. हिस्सा ठरला असेल तर तेच फोटो स्टॉक संकेतस्थळावर जाऊन दोघांना थोडेथोडे पैसे आणतात. ठरला नसेल तर ते फोटोग्राफरच्या खात्यावर जमा होतात.

स्टॉकचा हा उद्योग स्वतःच फुकटातून निघाला आहे. कॅनडातल्या कॅलगरीत ब्रूस लिव्हिंगस्टनने २००० मध्ये आयस्टॉकफोटो सुरू केलं ते फोटोंची आपसांत मोफत देवघेव करायला. पुढे दर लागले आणि २००६ मध्ये गेटी इमेजेसने ते पाच कोटी डॉलरना घेतलं. अशा स्टॉक फोटोंसाठी बसलेला हंगेरीचा वीज अभियंता आंद्राश आरातो २०११ मध्ये स्वतःचाच फोटो इंटरनेटवर शोधत होता. आढळलं ते असं, की त्याचं ते कसनुसं हसू जगभर विनोदाचा विषय झालंय. मीम बनवणाऱ्यांनी त्याला छदामही दिला नव्हता. सुरुवातीला तो हबकला. मग त्याने ते हसूच पोटापाण्याला लावलं: जाहिराती, कार्यक्रम, २०१८ मध्ये कीव्हला टेडएक्सचं व्यासपीठ. वाइल्डच्याच वाटेने गेला, फक्त वाइल्डचं हसं आधी नाटकात झालं होतं.

नॉर्थ कॅरोलिनाच्या झोई रॉथची गोष्ट त्याहून मासलेवाईक. २००५ मध्ये जळत्या घरापुढे उभी राहून खट्याळ हसणाऱ्या या चिमुरडीचा फोटो तिच्या वडिलांनी काढला. घरचाच कॅमेरा, घरचंच मॉडेल, पैशाचा प्रश्नच नव्हता. मीम म्हणून तो जगभर फिरला. एप्रिल २०२१ मध्ये, डिजिटल मालकीच्या दाखल्यांची लाट ऐन भरात असताना, तिने त्याची मूळ प्रत १८० इथरना, म्हणजे जवळपास पाच लाख डॉलरना विकली. पुढच्या प्रत्येक विक्रीवर दहा टक्केही राखून ठेवले. हे जमलं, कारण फोटोची मालकी घराबाहेर गेलेली नव्हती. अगदी याउलट अनुभव मॉडेल एमिली राताकोव्स्कीला आला. रस्त्यात कुणीतरी टिपलेला आपलाच फोटो तिने इन्स्टाग्रामवर टाकला, तर २०१९ मध्ये फोटोग्राफरने दीड लाख डॉलरचा दावा ठोकला. मे २०२१ मध्ये तिने आपल्या एका छायाचित्राचा तसाच डिजिटल दाखला क्रिस्टीजच्या लिलावात पावणेदोन लाख डॉलरना विकला.

आता कॅमेऱ्यापुढे उभं राहण्याचीही गरज उरलेली नाही. मार्च २०२५ मध्ये एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीने तीस मॉडेलांच्या डिजिटल प्रतिकृती बनवत असल्याचं जाहीर केलं. प्रतिकृतीवरचे हक्क त्या-त्या मॉडेलकडे राहतील, वापर झाला की पैसे मिळतील आणि मॉडेल ती दुसऱ्या कंपनीलाही देऊ शकेल, असा तो करार. न्यूयॉर्कने मॉडेलांसाठी केलेला नवा कायदा १९ जून २०२५ पासून लागू झाला. अशी प्रतिकृती वापरायची तर मॉडेलची वेगळी लेखी संमती लागते आणि वापर कशासाठी, किती काळ आणि दर काय, हे त्या कागदावर लिहावं लागतं.